वर्षश्राद्धाला सगळ्यांच्या देखत विचारायचं, की आधी पोलीस ठाण्यात जायचं?

एका ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यातल्या एका गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा. पुण्या-मुंबईहून, इचलकरंजीहून सगळी भावकी जमलेली. रात्री जेवणं उरकल्यावर ताईंचा ३८ वर्षांचा धाकटा भाऊ रानातल्या वस्तीवर झोपायला गेला. पहाटे चुलतभाऊ सांगत आला की तो गोठ्यापुढं पालथा पडलाय, हार्टॲटॅक असणार. गावातल्या डॉक्टरांनी दाखला दिला आणि दुपारच्या आत अग्नी दिला गेला. पोस्टमार्टेम झालं नाही. अंघोळ घालताना मामांनी आणि ताईंच्या यजमानांनी पाठीवर निळे-जांभळे डाग आणि कानात सुकलेलं रक्त पाहिलं. मोबाईल तीन दिवसांनी मिळाला, तोही आतून पूर्ण कोरा केलेला. आधीच्याच आठवड्यात जमिनीच्या वाटणीवरून चुलत घराशी बोलाचाली झाली होती. आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, आणि सगळ्यांच्या देखत चुलतभावाला उभं करून ‘का मारलंस?’ म्हणून विचारायचंच, असं आईंनी मनाशी धरलंय. ताई विचारतात, विचारू द्यावं का? आणि अग्नी दिल्यावर आता हाती काही उरलंय का?

ताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं फौजदारी वकिली करते. दोन्ही उत्तरं आधी सरळ देते. भरल्या घरात विचारू देऊ नका. आणि अग्नी दिला म्हणून सगळं संपलं असं नाही, पण जे उरलंय त्यातलं काही येत्या महिन्यांत कायमचं जाणार आहे. म्हणून तुमचा लेखी अर्ज श्राद्धाच्या आधी पोलीस ठाण्यात पोहोचला पाहिजे.

आईंचं मन मला कळतं. लेकाचं तोंड त्यांनी शेवटचं पाहिलं ते बायकांच्या गराड्यात, आणि ‘ऊन चढतंय, उशीर नको’ म्हणत तो त्यांच्यापुढून उचलून नेला गेला. वर्षभर एकच प्रश्न पोटात घेऊन त्या जगल्यात. तो प्रश्न विचारायचा त्यांचा हक्क कोणी काढून घेऊ नये. फक्त तो कुणापुढं आणि कधी विचारायचा, एवढंच मी सांगतेय.

त्या रात्री घरात जे झोपले होते तेच श्राद्धाला येणार. म्हणजे तुमचे सगळे साक्षीदार एका छपराखाली येणार. आज प्रत्येकाच्या डोक्यात त्या पहाटेचं आपापलं चित्र आहे. कुणाला कुत्री भुंकलेली आठवतील, कुणाला मोटरसायकलचा आवाज, कुणाला चुलतभावाचे चिखलाने भरलेले पाय. एकदा अंगणात आरडाओरडा झाला, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांची आठवण एकच होते, ती म्हणजे भांडणाची. पुढं खटला उभा राहिलाच, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की श्राद्धाच्या दिवशी ऐकलंत?’ साक्षीदार खरा असला तरी तिथं अडखळतो.

समजा, चुलतभाऊ सगळ्यांपुढं म्हणाला, ‘हो, माझ्याकडून झालं.’ त्याचाही तुम्हाला वाटतो तेवढा उपयोग नाही. भावकीपुढची कबुली पुराव्यात येऊ शकते, पण न्यायालयं तिला कमकुवत पुरावा मानतात आणि तिला दुसरा भक्कम आधार मागतात. ‘चाळीस माणसांनी घेरलं, घाबरून बोललो’ एवढं म्हणून ती फिरवता येते. उलट तुम्हाला काय काय माहीत आहे, कानातलं रक्त, कोरा मोबाईल, हे त्याला त्याच क्षणी कळतं. आणि झटापट झाली तर तुमच्या यजमानांवर मारहाणीची, तुमच्यावर बदनामीची उलट फिर्याद तयारच असते. मग ठाण्यात तुमची ओळख ‘जमिनीच्या वादातली दुसरी पार्टी’ एवढीच उरते.

आणखी एक गोष्ट आहे, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. ‘का मारलंस?’ या प्रश्नात मारलंच, हे आधीच धरलेलं आहे. तुमच्या हकिगतीवरून मला ते धरता येत नाही. रानात, गोठ्यापाशी, पहाटेचा मृत्यू म्हटलं की माझ्या मनात आधी वीज येते. मोटरच्या स्टार्टरचा, उघड्या केबलचा शॉक, किंवा गवे आणि डुकरं उसात घुसू नयेत म्हणून रात्री बांधावरच्या तारेत सोडलेला करंट. आपल्या जिल्ह्यात हा प्रकार चालतो. माणूस त्या तारेला चिकटला, तर तार सोडणारा घाबरतो, पहाटेच तार गुंडाळतो आणि हार्टॲटॅक म्हणून सांगतो. तो खून नसेल, पण साधा अपघातही नाही. निष्काळजीपणानं मृत्यू किंवा सदोष मनुष्यवध, यांपैकी काय ते तपासात ठरतं, आणि पुरावा नाहीसा केला असेल तर तो वेगळा गुन्हा. साप चावून माणूस जातो. ३८व्या वर्षी हृदय बंद पडूनही जातो, हेही खरं आहे. खुनाचा आरोप अंगावर आला की तारेची गोष्ट सांगू शकणारा गडीसुद्धा तोंड मिटून घेतो.

आता डागांविषयी, कारण तुमच्या पत्रातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याविषयीच होतो. माणूस गेल्यावर रक्त फिरायचं थांबतं आणि शरीराच्या खालच्या बाजूला साकळतं. अर्ध्या ते दोन तासांत तिथं निळसर-जांभळे पट्टे दिसू लागतात आणि साधारण ६ ते १२ तासांत ते पक्के होतात. उताणं ठेवलेल्या माणसाच्या पाठीवर ते येतातच, फक्त खांदे आणि कुल्ले जिथं जमिनीला टेकतात तेवढी जागा फिकट राहते. हे डाग म्हणजे मार नव्हे. पण तुमचा भाऊ पालथा सापडला, असं सांगितलं गेलंय. रात्रभर पालथा असेल तर डाग छातीवर, पोटावर, चेहऱ्यावर हवेत. पाठीवरचे डाग साकळलेल्या रक्ताचेच असतील, तर दोनच शक्यता. एक, पक्के व्हायच्या आत त्याला घरी आणून उताणं ठेवलं आणि रक्त पाठीकडं उतरलं. दुसरी, तो पालथा नव्हताच. कोणती खरी, हे वेळांवरून ठरेल. किती वाजता आणला, किती वाजता अंघोळ घातली, सदरा काढताना हात वळत होते की कापड फाडावं लागलं, जबडा घट्ट झाला होता का. अंग ताठरायला चेहऱ्यापासून सुरुवात होते, मग हातपाय, आणि उन्हाळ्यात ते लवकर होतं.

डागांचा आकारही विचारा. पसरट, ढगासारखे होते की पट्ट्यासारखे? काठीचा घाव बसला तर मधे फिकट आणि दोन्ही कडांना समांतर लाल-निळ्या रेषा उठतात. विजेचा शॉक असेल तर बोटाला, तळव्याला, पोटरीला लहानशी, मधे खोलगट आणि कडा उचललेली, करपट-पांढुरकी खूण असू शकते. घट्टा समजून ती कुणी लक्षात घेत नाही. कानातलं रक्त डोक्याच्या आतल्या मारानं येऊ शकतं, पण तो मार दगडावर पडूनही बसतो. म्हणून एकट्या रक्तावर कुणाला गुन्हेगार ठरवू नका आणि ते किरकोळ म्हणून सोडूही नका.

मामांनी आणि यजमानांनी वेगवेगळं बसून, स्वतःच्या अक्षरात, जे पाहिलं तेवढंच लिहावं. माणसाच्या देहाचा साधा आराखडा काढून डाग कुठं होते ते दाखवावं. खाली तारीख आणि सही. एकमेकांचं वाचायचं नाही. आठवत नसेल तिथं ‘आठवत नाही’ असंच लिहायचं. अशी दोन टिपणं, आपापली आणि थोडीफार वेगळी, मला एका सुरातल्या दहा जबान्यांपेक्षा जास्त खरी वाटतात. हे टिपण न्यायालयातल्या साक्षीची जागा घेत नाही, पण पोलिसांना नेमकं काय विचारायचं ते त्यातून कळतं.

परगावच्या पाहुण्यांसाठी त्या दिवशी कुणीतरी फोटो नाहीतर व्हिडिओ काढलाच असेल. अंत्यदर्शनाचे फोटो आता प्रत्येक घरात निघतात. तो ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल महत्त्वाचा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत फोटोचा दर्जाही उतरतो आणि कधी काढला ती मूळ माहितीही निघून जाते. मूळ फाईल पुसू नका, उजळ करू नका, कापू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते तपास अधिकारी आणि वकील करून घेतील. अंगावरचे कपडे कुणी ठेवले असतील तर धुऊ नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, कागदी पिशवीत ठेवा.

राखेतून कीटकनाशक किंवा शॉक शोधता येत नाही, ती वाट बंद झाली हे मान्य करायला हवं. पण त्या रात्री कुणी कुणाला फोन केले, कोणता मोबाईल कोणत्या टॉवरखाली होता, ही नोंद अजून आहे. मोबाईल कंपन्यांना ती किमान दोन वर्षं ठेवावी लागते. तुमचं एक वर्ष संपत आलंय. ती नोंद तुम्हाला किंवा मला मागता येत नाही, पोलीस किंवा न्यायालय मागवू शकतं. श्राद्ध, मग गणपती, मग दिवाळी असं करत गेलात तर ती हातची जाईल. पहाटे १०८ला फोन केला होता का, हेही विचारा. केला असेल तर वेळेची नोंद असते. आणि केलाच नसेल, तर का नाही, हा प्रश्न आहे. कोरा केलेला मोबाईल चालू करून खेळत बसू नका, पासवर्डचे अंदाज मारू नका, पंचनामा करून ताब्यात द्या. भावाचं गूगल खातं, हातातलं घड्याळ, दोन्ही अर्जात लिहा. शॉकचा संशय असेल तर वस्तीवरचं वीजजोड कुणाच्या नावावर आहे तेही लिहा.

डॉक्टरांच्या दाखल्याकडं वळते. ग्रामपंचायतीतून मृत्यू नोंदीचा उतारा घ्या आणि खबर देणारा म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. घरी झालेल्या मृत्यूचं वैद्यकीय कारण नमुना ४अ मध्ये देतात. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं उपचार केले, त्यानं ते द्यायचं असतं. तुमचा भाऊ पुण्यात राहणारा, ठणठणीत. गावच्या डॉक्टरांनी त्याला कधी तपासलं होतं? बहुतेक वेळा डॉक्टरांवर घरच्यांचं दडपण असतं, मी त्यांना लगेच संशयित म्हणणार नाही. पण कुणी बोलावलं, किती वाजता, देहाला हात लावला की दारातूनच लिहून दिलं, हे त्यांच्याकडून पोलिसांनी नोंदवून घ्यायला हवं. गावच्या पोलीस पाटलांनाही विचारायला हवं. अशा अचानक मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे त्यांचं काम आहे.

अर्जाची भाषा साधी ठेवा. कोण कुठं होतं, कुणी काय पाहिलं, काय जुळत नाही, संशय कुणावर आणि का. ‘खून केला’ असं ठोकून लिहू नका, पण ‘मृत्यू घातपाताने झाल्याचा व पुरावा नष्ट केल्याचा आमचा संशय आहे, गुन्हा नोंदवून तपास व्हावा’ हे स्पष्ट लिहा. घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे, त्यामुळे आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं लागतील. खुनाला १०३, सदोष मनुष्यवधाला १०५, निष्काळजीपणाला १०६, पुरावा नाहीसा करण्याला २३८. वर्षभर गप्प का बसलात, असं विचारतील. खरं तेच लिहा. दुःख होतं, भावकीचा दबाव होता, आई सावरल्या नव्हत्या. उशिराचं खरं कारण दिलं तर न्यायालय ते ऐकून घेतं. रचलेलं कारण मात्र उघडं पडतं. खुनासारख्या गुन्ह्याला मुदतीची अडचण नाही.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. दखलपात्र, म्हणजे खुनासारख्या गंभीर गुन्ह्याची माहिती मिळाली तर तो नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली ठरवून दिलंय. तरी नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. तिथंही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३)खाली तपासाचा आदेश मागता येतो. त्याही पुढं जायची वेळ आली तर आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. वकिलाच्या फीची चिंता असेल तर कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. आई, वहिनी, तुम्ही, तिघींनाही उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. गुन्हा नोंदवल्यावर ९० दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. आणि पुढं त्यांनी समरी अहवाल पाठवून प्रकरण बंद करायचं ठरवलं, तर न्यायालयात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते बंद होत नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी आजच असा प्रसंग आला असेल, तर फक्त एवढं करा, देह उचलू देऊ नका. ११२ला फोन करा. ‘स्मशानात शेणी रचून झाल्यात, माणसं खोळंबलीत’ हे ऐकून घ्या, पण हटू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोस्टमार्टेम होऊ दे, डॉक्टरांना संशय सांगा, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगा. त्यासाठी रक्षाविसर्जन एक दिवस पुढं गेलं तरी काही बिघडत नाही. आपल्याकडं लिंगायत समाजात आणि इतरही काही समाजांत दफन करतात. तिथं दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं देह पुन्हा बाहेर काढून तपासता येतो, आणि हाड मोडलं असेल तर ते महिन्यांनंतरही दिसतं. तेव्हा दफन झालंय म्हणून आशा सोडू नका.

जमिनीचं सांगते, कारण वाद तिथूनच सुरू झालाय. श्राद्धाला सगळे वारस एकत्र सापडतात, त्यामुळे त्याच दिवशी कुणीतरी हक्कसोडपत्राचा विषय काढतो. जेवणं झाल्यावर वडीलधारे म्हणतात, ‘पोरींनो, सह्या करून टाका, पुन्हा कधी जमणार.’ वहिनींनी, तुम्ही, आईंनी त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करायची नाही. भावाच्या वारसांची नोंद सातबाऱ्यावर लागली का ते आधी बघा, नसेल तर अर्ज द्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला किंवा खुनाला मदत करणाऱ्याला मृताची मिळकत वारसानं मिळत नाही. हे त्यांना सुनावायला जाऊ नका, तुम्हाला माहीत असलं म्हणजे पुरे.

आईंना थोपवायचं कसं? नुसतं ‘गप्प बसा’ म्हणालात तर त्या बसणार नाहीत, आणि बसूही नये. त्यांना घेऊन ठाण्यात जा. त्यांचा जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावा, वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. वर्षभर ज्यांना सगळे ‘जाऊ दे आता’ म्हणत आले, त्यांचं म्हणणं कुणीतरी समोर बसून लिहून घेतलं, तर त्यांना अंगणात उभं राहायची गरज उरत नाही, हे मी पुष्कळ आयांच्या बाबतीत पाहिलंय. श्राद्धाच्या दिवशी त्यांच्या शेजारी एक शांत डोक्याचं माणूस सतत असू दे. कुणी डिवचलं तर उत्तर एकच, ‘अर्ज दिलाय, साहेब विचारतील.’ चुलतभाऊ किंवा त्याच्याकडचा गडी आपणहून काही सांगायला लागला, तर अडवू नका, वाद घालू नका, उलट प्रश्नही विचारू नका. ऐका, आणि घरी आल्यावर तारीख, वेळ आणि तिथं कोण होतं ते लिहून तपास अधिकाऱ्यांना द्या. मुद्दाम बोलतं करून मोबाईलवर टिपायचा डाव रचू नका. धमकीचा फोन आला तर मात्र तो जपून ठेवा.

तपास पूर्ण होऊनही नक्की काय घडलं ते कळणार नाही, ही शक्यता आहे. पोस्टमार्टेम नाही, त्यामुळे ती मोठी आहे, आणि आईंना ती आत्ताच सांगितलेली बरी. तरीही मी जायलाच सांगेन. तारेची, शॉकची, मारहाणीची किंवा खरंच हृदयविकाराची, यातली कोणतीही गोष्ट खरी असली तरी ती विचारायचं काम आता सरकारी माणसाकडं जाईल, आणि घरातली पोरं एकमेकांच्या दारात दगड घेऊन उभी राहणार नाहीत.

मामांना आजच फोन करा. त्या सकाळी जे पाहिलं ते लिहून काढा, एवढंच सांगा, आणि अर्ज देईपर्यंत ते तुम्हीसुद्धा वाचू नका.